मैपुरे : एका लुप्त भाषेच्या कुळाचा शोध

इ. स. १८०० च्या एप्रिल महिन्यात अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट हे जर्मन निसर्गशास्त्रज्ञ ओरिनोको नदीवरील मैपुरेस या छोट्याशा वस्तीत पोहोचले. आज हा भाग व्हेनेझुएला आणि कोलंबिया या दोन देशांच्या सीमेवर येतो. येथे नदी खडकांमधून कोसळत जाते आणि काही अंतराने दोन मोठे प्रपात लागतात. एकाचे नाव अतुरेस, दुसऱ्याचे मैपुरेस. दोन्ही नावे तेथे राहणाऱ्या दोन जमातींवरून पडली आहेत. या वस्तीत हुम्बोल्ट यांना एका म्हाताऱ्या पोपटाविषयी सांगण्यात आले. तो काय बोलतो ते कोणालाच कळत नसे. गावकऱ्यांचे म्हणणे असे, की तो अतुरे लोकांची भाषा बोलतो. आणि ती भाषा जाणणारे माणूस आता उरलेले नाही.

ही पोपटाची गोष्ट जगभर सांगितली गेली. भाषा मरते म्हणजे काय होते, हे सांगण्यासाठी तिचा दाखला आजही दिला जातो. परंतु तो पोपट ज्या वस्तीत होता, तिला नाव देणाऱ्या मैपुरे लोकांच्या भाषेचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी सांगत नाही. तीही भाषा अठराव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास लुप्त झाली. मात्र शेजारी नांदलेल्या या दोन भाषांच्या मरणोत्तर नशिबात मोठा फरक आहे. अतुरे भाषेबद्दल ती सालिवा भाषेची नातलग होती, एवढी जुनी नोंद हाती राहिली. मैपुरे भाषेने मात्र मेल्यानंतरही एका प्रचंड भाषाकुळाची ओळख पटवून दिली. हा फरक कशामुळे पडला, ते पाहणे हा या लेखाचा विषय आहे.

प्रथम भूगोल स्पष्ट केला पाहिजे. ओरिनोको ही ॲमेझॉनची उपनदी नव्हे. ती स्वतंत्रपणे अटलांटिक महासागरास मिळते. परंतु तिच्या वरच्या टप्प्यात कासिकियारे नावाचा एक नैसर्गिक जलमार्ग फुटतो. तो ओरिनोकोचे पाणी रिओ नेग्रो नदीत आणि तिच्यामार्फत ॲमेझॉनमध्ये नेतो. त्यामुळे दोन्ही खोऱ्यांतील लोक होडीने एकमेकांकडे जात-येत. वरचा ओरिनोको माणसांच्या आणि भाषांच्या दृष्टीने ॲमेझॉनच्या जगाचाच भाग होता. मैपुरे लोकांची मूळ वस्ती व्हेंतुआरी, सिपापो आणि औताना या नद्यांच्या काठी होती. त्यांची भाषा केवळ त्यांच्यापुरती नव्हती. वरच्या ओरिनोकोवर वेगवेगळ्या जमातींचे लोक परस्परांशी बोलताना तिचा वापर करीत. म्हणजे ती कोण्या कोपऱ्यातील बोली नव्हती, तर त्या मुलखाची व्यवहारभाषा होती. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे परत यावयाचे आहे.

या भाषेची नोंद करणारे गृहस्थ म्हणजे फिलिप्पो साल्वातोरे जिली हे इटालियन जेझुइट पाद्री. त्यांचा जन्म १७२१ चा. १७४९ साली त्यांनी ओरिनोकोकाठी एन्कारामादा येथे मिशन स्थापन केले आणि पुढील सुमारे अठरा वर्षे ते तेथेच राहिले. या वस्तीत तमानाको लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्या जोडीला मैपुरे आणि इतर जमातींची कुटुंबेही आणून वसवलेली होती. जिली यांना तमानाको आणि मैपुरे या दोन्ही भाषा चांगल्या अवगत झाल्या. धर्मोपदेश करावयाचा तर लोकांची भाषा आली पाहिजे, हा त्यामागचा हेतू उघड आहे. परंतु त्यांचे कुतूहल त्या हेतूपुरते थांबले नाही.

१७६७ साली स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने आपल्या सर्व मुलखांतून जेझुइटांना हद्दपार केले. जिली इटलीत परतले. त्याच सुमारास दक्षिण अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून हाकलले गेलेले शेकडो जेझुइट इटलीतील गावांत येऊन राहिले होते. कोणी पराग्वेहून आलेला, कोणी पेरूहून, कोणी आजच्या बोलिव्हियातील मोहोस मैदानातून. अमेरिकेत असताना हे लोक एकमेकांना कधी भेटलेही नसते. हद्दपारीने त्यांना एका ठिकाणी आणले, आणि त्यांच्या डोक्यांत व कागदांत साठलेल्या भाषाही एका ठिकाणी आल्या. १७८० ते १७८४ या काळात जिली यांनी चार खंडांत ‘साज्जो दि स्तोरिया अमेरिकाना’ हा आपला इतिहासग्रंथ रोम येथे प्रसिद्ध केला. त्याचा तिसरा खंड १७८२ चा. तो भाषांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

त्या खंडात जिली यांनी ओरिनोकोच्या परिसरातील अनेक भाषांची विभागणी नऊ ‘मातृभाषां’खाली केली. मातृभाषा म्हणजे येथे मूळ भाषा, जिच्यापासून इतर भाषा निघाल्या ती. करिब, सालिवा, मैपुरे, ग्वाहिबा, यारुरो ही त्यांपैकी काही नावे. बाहेरून आलेल्या माणसास ज्या मुलखात नुसता भाषांचा गोंधळ दिसत असे, तेथे मोजकीच कुळे आहेत, असे त्यांनी दाखवले. त्याहून महत्त्वाचे पाऊल पुढचे. मोहोस प्रांतातील मिशनऱ्यांकडून मिळालेली मोहो भाषेची सामग्री त्यांनी मैपुरेशेजारी ठेवली आणि या दोन भाषा एकाच कुळातील असल्याचा निष्कर्ष काढला. मैपुरेस प्रपात आणि मोहोस मैदान यांमध्ये दोन हजार किलोमीटरहून अधिक अंतर आहे. मध्ये अरण्य आणि ॲमेझॉनचे अख्खे खोरे. या दोन लोकांनी एकमेकांचे नावही ऐकले असण्याचा संभव नव्हता.

हा निष्कर्ष कशाच्या बळावर काढला? या प्रश्नाचे उत्तर भाषेच्या वर्गीकरणाची सगळी पद्धतच समजावून देते, म्हणून त्यावर थोडे थांबू.

मैपुरे भाषेत ‘मी’ किंवा ‘माझा’ हा अर्थ शब्दाच्या आरंभी ‘नु’ लावून दाखवतात, आणि ‘तू’ किंवा ‘तुझा’ हा अर्थ ‘पि’ लावून. हात, डोके, आई अशा नामांना तो लागला की मालकी दिसते; क्रियापदाला लागला की कर्ता दिसतो. मोहो भाषेतही ‘नु’ आणि ‘पि’ हीच अक्षरे हेच काम करतात. याच्या जोडीला शब्द जुळतात: पाण्याला मैपुरेत ‘वेनी’ म्हणत, मोहोत ‘उने’.

एखादा शब्द जुळला म्हणजे भाषा नातलग, असे मात्र नाही. शब्द उसने घेता येतात. बेळगावच्या वाचकाला हे वेगळे सांगावयास नको. मराठीतील ‘तूप’, ‘अडकित्ता’, ‘अण्णा’, ‘अक्का’ हे शब्द कानडीतून आले, असे अभ्यासक मानतात. शेजारधर्मात अशी देवाणघेवाण व्हायचीच. पण म्हणून मराठी द्राविडी कुळात जात नाही. कानडी माणूस ‘नानु’, ‘नीनु’ म्हणतो. आपण ‘मी’, ‘तू’ म्हणतो. तेच हिंदीशेजारी ठेवून पाहिले तर ‘मैं’, ‘तू’ असे जुळते. सर्वनामे, क्रियापदांचे प्रत्यय, वाक्यात शब्दांना बांधणारी लहान लहान अक्षरे ही माणूस बाजारातून सहजासहजी घरी आणत नाही. ती आईच्या बोलण्यातून येतात. जिली यांनी पाहिले ते याच ठिकाणी.

दुसरी कसोटी ध्वनींची. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत ही गोष्ट लहान मुलालाही जाणवते. हिंदीत ‘बीस’, मराठीत ‘वीस’. हिंदीत ‘बाघ’, मराठीत ‘वाघ’. हिंदीत ‘बिच्छू’, मराठीत ‘विंचू’. हिंदीत ‘बाट’, मराठीत ‘वाट’. एखादी जोडी योगायोगाने जुळेल, परंतु ‘ब’च्या जागी ‘व’ असे पुन्हा पुन्हा येऊ लागले की तो नियम ठरतो. नियमाने होणारा फरक हा नात्याचा सर्वांत मोठा पुरावा असतो, सारखेपणापेक्षाही मोठा. जिली यांनी करिब कुळातील भाषांविषयी नेमके हेच नोंदवले. करिब भाषेत जेथे ‘स’ येतो, तेथे तमानाकोत ‘च’ येतो. वाडग्याला करिब लोक ‘सरेरा’ म्हणत, तमानाको ‘चरेरा’. पूर्वी तमानाकोतही ‘स’च असावा आणि पुढे तो बदलला असावा, असे त्यांचे अनुमान होते. एका शब्दाचे उदाहरण देऊन त्यांनी मांडलेला हा विचार, म्हणजे भाषा नियमाने बदलतात हा विचार, पुढे एकोणिसाव्या शतकात तौलनिक भाषाशास्त्राचा पाया झाला.

येथे कालक्रम पाहण्यासारखा आहे. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या भाषा एका मूळ भाषेपासून निघाल्या असाव्यात, हे सर विल्यम जोन्स यांचे कलकत्त्यातील प्रसिद्ध व्याख्यान २ फेब्रुवारी १७८६ चे. तौलनिक भाषाशास्त्राचा जन्मदिवस म्हणून त्याचा उल्लेख होतो. जिली यांचा तिसरा खंड त्यापूर्वी चार वर्षे निघाला होता. आणि गोव्यातील वाचकांना आणखी एक आठवण द्यावीशी वाटते. ज्यांनी १६१६ साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले, त्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी १५८३ मध्ये गोव्याहून आपल्या भावाला लिहिलेल्या पत्रात, या देशातील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनसारखी असल्याचे म्हटले होते. ते पत्र दीर्घकाळ अप्रकाशित राहिल्याने त्या निरीक्षणाचा शास्त्रावर परिणाम झाला नाही. तरीही जगातील भाषाकुळांची पहिली चाहूल ज्यांना लागली, त्यांत एक माणूस आपल्या भाषेत लिहिणारा होता, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

जिली यांनी लावलेले मैपुरे-मोहो हे नाते पुढे पसरत गेले. अधिकाधिक भाषांत तोच ‘नु’ सापडू लागला. कार्ल फॉन देन श्टाइनेन या जर्मन संशोधकाने १८८६ साली या प्रथमपुरुषी ‘नु’वरूनच या भाषा बोलणाऱ्यांचा ‘नु’ गट कल्पिला. १८९१ मध्ये अमेरिकन अभ्यासक डॅनियल ब्रिंटन यांनी दक्षिण अमेरिकेच्या भाषांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, आणि या कुळासाठी ‘अरावाक’ हे नाव रूढ होत गेले. अरावाक म्हणजे गियानाच्या किनाऱ्यावरील एक भाषा. गंमत अशी, की जिली यांच्या नऊ मातृभाषांच्या यादीत अरावाक ही मैपुरेपासून स्वतंत्र मातृभाषा म्हणून नोंदलेली आहे. म्हणजे जी भाषा त्यांनी कुळाबाहेर ठेवली, तिचेच नाव कुळाला मिळाले. पहिला वर्गीकरणकार सगळेच बरोबर सांगतो असे नाही; पण त्याने पुरावा नीट मांडून ठेवला असेल तर पुढच्यांना चूक दुरुस्त करता येते.

आज हे कुळ दक्षिण अमेरिकेतील सर्वाधिक पसरलेल्या भाषाकुळांपैकी एक मानले जाते. कॅरिबियन समुद्रातील बेटांपासून बोलिव्हियाच्या पलीकडेपर्यंत त्याच्या शाखा पोहोचल्या होत्या. १४९२ साली कोलंबसाचे जहाज ज्या बेटांवर लागले, तेथील ताइनो लोकांची भाषाही याच कुळातील. तीही आता नाही. त्या बेटांवरील भाषांतून स्पॅनिश-पोर्तुगीज खलाशांनी उचललेले काही शब्द मात्र जगभर गेले. आपल्या परसातील ‘पपई’ हे नाव त्यांपैकीच एक.

विसाव्या शतकात या कुळाच्या नावाखाली उलट दिशेची चूक झाली. शब्दांच्या वरवरच्या साम्यावरून अनेक असंबद्ध भाषा ‘अरावाकी’ म्हणून त्यात ढकलण्यात आल्या. ग्वाहिबो भाषेचे उदाहरण बोलके आहे. शेजारच्या अरावाकी भाषांतून तिने पुष्कळ शब्द घेतले आहेत, त्यामुळे ती नातलग भासते. परंतु तिचे व्याकरण वेगळे आहे. जिली यांनी १७८२ मध्येच तिला वेगळी मातृभाषा ठरवले होते. तशीच गोष्ट ब्राझीलमधील अरावा कुळाची. तिचे नाव अरावाकसारखे आहे एवढ्यावरून नाते जोडणाऱ्यांना पुराव्याने साथ दिली नाही. ही भेसळ काढून टाकल्यावर उरलेल्या खऱ्या कुळाला वेगळे नाव हवे, म्हणून काही अभ्यासकांनी जिली यांचा मान राखून ‘मैपुरी’ हे नाव पुन्हा वापरात आणले. जिचा एकही बोलणारा उरला नाही, त्या भाषेचे नाव तिच्या जिवंत बहिणींना मिळाले.

आता त्या मागे ठेवलेल्या प्रश्नाकडे येऊ. वरच्या ओरिनोकोची व्यवहारभाषा असलेली मैपुरे संपली कशी? एका कारणाने नव्हे. देवीसारख्या साथी आणि हिवताप यांनी वस्त्या ओस पाडल्या. माणसे पकडून गुलाम म्हणून विकणाऱ्या टोळ्या वरच्या नदीवर सतत धाडी घालीत. मिशनमध्ये निरनिराळ्या जमातींची कुटुंबे एकत्र आणून बसवली जात. पुढच्या पिढीला आईची एक भाषा, शेजाऱ्याची दुसरी आणि पाद्र्याची तिसरी, अशा स्थितीत वाढावे लागे. १७६७ नंतर ती मिशनेही मोडकळीस आली. आणि १७७० साली स्पेनच्या राजाने फर्मान काढले, की आपल्या अमेरिकेतील मुलखांत तेथील निरनिराळ्या भाषा नाहीशा होऊन केवळ कास्तिलियन म्हणजे स्पॅनिश बोलली जावी. गोव्याचा इतिहास जाणणाऱ्यांना हे फर्मान अपरिचित वाटणार नाही. स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज स्वीकारावी, असा हुकूम गोव्याच्या व्हाइसरॉयने १६८४ मध्येच काढला होता. गोव्यातील लोकांनी त्या हुकुमाला पुरून उरून आपल्या भाषा टिकवल्या. मैपुरे लोकांना ते जमले नाही, कारण हुकूम येण्यापूर्वीच त्यांची वस्ती उद्ध्वस्त झाली होती. भाषा कागदावरच्या हुकुमाने सहसा मरत नाही. तिची माणसे विखुरली की मरते.

यातून एक गैरसमज दूर व्हावा. मोठी, व्यवहारात चालणारी, शेजाऱ्यांनी शिकलेली भाषा सुरक्षित असते असे आपण गृहीत धरतो. मैपुरे त्या मुलखात तशीच होती. जिली तेथे होते तेव्हा ती बाजारात, होडीत आणि मिशनमध्ये ऐकू येत असावी. त्यानंतर काही दशकांत ती संपली.

तरीही ती पूर्णपणे हरवली नाही. इटालियन भाषाशास्त्रज्ञ राउल झाम्पोनी यांनी २००३ मध्ये जिली यांच्या नोंदींच्या आधारे मैपुरे भाषेचे व्याकरण सिद्ध करून प्रसिद्ध केले. दोनशेहून अधिक वर्षांनंतर हे शक्य झाले, कारण जिली यांनी नुसती शब्दांची यादी दिली नव्हती. शब्द वाक्यात कसा वापरतात, ‘मी’ आणि ‘तू’ कसे लागतात, क्रियापद कसे चालते, हेही त्यांनी लिहून ठेवले होते. अतुरे भाषेला असा लेखक लाभला नाही. तिच्याविषयी सालिवाची नातलग एवढे वाक्य आपण वाचतो, पण ते पडताळून पाहण्यास मैपुरेइतका ऐवज हाती नाही. पोपटाला शब्द येत होते. त्याला व्याकरण सांगता येत नव्हते.

हा सगळा दस्तऐवज परक्याने, परक्या हेतूने तयार केला, ही त्यातील बोच विसरता येत नाही. ज्या व्यवस्थेने मैपुरे लोकांना त्यांच्या नद्यांवरून उचलून मिशनमध्ये आणले, तिच्याच एका सेवकाने त्यांची भाषा लिहून ठेवली. स्वतः मैपुरे माणसाने आपल्या भाषेविषयी काय म्हटले असते, ते आपल्याला कधीच कळणार नाही.

आपली स्थिती तशी नाही. मराठीला लिपी आहे, आठशे वर्षांचे साहित्य आहे, लिहिणारी माणसे आहेत. परंतु मराठी म्हणजे केवळ पुण्या-मुंबईची छापील भाषा नव्हे. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या घरांत, बडोद्याच्या वाड्यांत, इंदूरच्या गल्ल्यांत, हैदराबादच्या जुन्या कुटुंबांत जी मराठी बोलली जाते, तिचे प्रत्यय, तिची क्रियापदे, तिचे हेल छापील पुस्तकात सापडत नाहीत. आपल्या आजीच्या तोंडची दहा वेचक म्हणी-शब्दांची यादी आपण कौतुकाने करतो, ती करावीच. पण मैपुरेची कथा सांगते, की कुळ ओळखू येते ते वाक्यांवरून. आजी ‘मी जाते’ कसे म्हणते, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांत ती कधी फरक करते, नकार कसा देते, रागावते तेव्हा क्रियापदाचे काय करते, हे तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवावे आणि जमेल तसे लिहून काढावे. आज प्रत्येकाच्या खिशात ते साधन आहे. परक्या पाद्र्याची वाट पाहण्याचे कारण नाही.